फुलोऱ्याचे टप्पे: शब्द आणि आकडे

पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या उत्तरेला, अटलांटिक किनाऱ्यालगत 'रॉशा' जातीच्या नासपतीच्या बागा आहेत. १८३६ साली सिंत्रा परिसरात पेद्रु आंतोनियु रॉशा यांच्या मळ्यात हे झाड आढळले आणि त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. वसंतात या बागा पांढऱ्याशुभ्र होतात, तेव्हा बागायतदाराची खरी कसोटी लागते. फवारणी कधी घ्यायची, मधमाश्यांच्या पेट्या कधी ठेवायच्या, हे सारे फुलोरा नेमका कुठवर आला आहे यावर ठरते. म्हणूनच तिथल्या फळबागशास्त्रात प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द आहे. हे शब्द इंग्रजीत नेताना नुसता शब्दकोश पुरत नाही.

फूल सरून फळ धरते, त्याला पोर्तुगीजमध्ये 'विंगामेंतु' म्हणतात. त्यामागच्या 'विंगार' या क्रियापदाचा सर्वपरिचित अर्थ आहे सूड घेणे. तगणे, जोम धरणे हा त्याचा दुसरा अर्थ. इथे दुसराच लागू पडतो. इंग्रजीत तो 'फ्रूट सेट' होतो, आपल्याकडे फळधारणा. आपले द्राक्ष बागायतदार फांदीवरच्या ज्या डोळ्यावर नजर ठेवून असतात, त्याला पोर्तुगालमध्ये 'गोमु' म्हणतात. पण संत्र्याची फोडही 'गोमु'च. ब्राझीलमध्ये डोळ्याला 'जेमा' म्हणतात, आणि अंड्याचा बलकही 'जेमा'च असतो.

'सूड', 'फोड' किंवा 'बलक' असा भलताच अर्थ घेतला, तर अशा चुका निदान लगेच दिसतात. सोप्या वाटणाऱ्या शब्दांतली चूक मात्र लपून राहते. 'प्लेना फ्लोरासांव' म्हणजे 'फुल ब्लूम', पूर्ण बहर. अनुवाद बरोबर आहे, पण त्याचा अर्थ सगळी फुले उमलली असा नाही. निम्मी फुले उमलली आणि पहिल्या पाकळ्या गळू लागल्या की शास्त्राच्या लेखी पूर्ण बहर आला. सफरचंदाच्या कळीला गुलाबी रंग चढतो, त्या टप्प्याला 'बोतांव रोझा' म्हणतात. नासपतीची कळी पांढरी, म्हणून तिथे 'बोतांव ब्रांकु'. सफरचंदाचा तक्ता तसाच नासपतीला लावला, तर शेतकरी कधीच न येणाऱ्या गुलाबी कळीची वाट पाहत राहील.

एवढ्याशा फरकाचे मोल थंडी सांगते. सफरचंदाची कळी नुकती फुगून तिचे टोक चंदेरी दिसू लागते, तेव्हा उणे ९ अंशांपर्यंतच्या थंडीतही साधारण दहाव्या हिश्श्याच्याच कळ्या मरतात. ऐन बहरात तेवढेच नुकसान उणे २ अंशांना होते आणि उणे ४ अंशांच्या आसपास बहुतेक फुले जातात. फवारणीचेही तसेच. कळी मिटलेली असताना जे कीटकनाशक चालते, तेच उमललेल्या फुलावर मधमाश्यांचा जीव घेते.

या अडचणीवर शास्त्रज्ञांनी तोड काढली. फ्लेकिंजर या फ्रेंच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर या टप्प्यांना रोमन अक्षरे दिली. १९७४ मध्ये झाडोक्स आणि सहकाऱ्यांनी धान्यपिकांसाठी दोन आकडी संकेत मांडले, आणि त्याच धर्तीवर 'बीबीसीएच' ही मोजपट्टी तयार झाली. तिच्यात पहिला आकडा ५ म्हणजे कळ्या दिसणे, ६ म्हणजे फुलणे, ७ म्हणजे फळाची वाढ. सफरचंद-नासपतीच्या तक्त्यात ६१ म्हणजे सुमारे दहा टक्के फुले उमललेली, ६५ म्हणजे पूर्ण बहर, ६९ म्हणजे सगळ्या पाकळ्या गळालेल्या. हा आकडा लिस्बनमध्ये आणि लंडनमध्ये एकच अर्थ सांगतो. म्हणून जाणता अनुवादक आधी झाडाचा टप्पा ओळखतो, मग शब्द निवडतो आणि शेजारी आकडा लिहितो. आकडा शब्दाची जागा घेत नाही, कारण बागेत बोलले जातात ते शब्दच.

हे काम आपल्याही जिव्हाळ्याचे आहे. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात निर्यातीसाठी आंबा पिकतो. मोहोर आणण्यासाठी तिथे पॅक्लोब्युट्राझोल हे रसायन वापरतात, तेच कोकणातही वापरले जाते. तिथले बरेचसे संशोधन पोर्तुगीजमध्ये आहे. कोकणातला बागायतदार फळ वाटाण्याएवढे, गोटीएवढे, अंड्याएवढे झाले असे म्हणतो, आणि फवारणीचे सल्लेही याच भाषेत निघतात. आंब्यासाठीची बीबीसीएच मोजपट्टी २०११ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. कृषी विद्यापीठांनी आपल्या वेळापत्रकांत या अस्सल शब्दांशेजारी तिचे आकडे छापावेत. मग ब्राझीलचा अनुभव आपल्याला नेमका वाचता येईल, आणि आपल्या बागायतदारांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञानही तिकडे अचूक पोहोचेल.