गुणपत्रिकेआधी व्हिसा

अमेरिकेतल्या नामवंत महाविद्यालयांची गोष्ट निघाली की आपण गुणांपासून सुरुवात करतो. मला वाटते, सुरुवात व्हिसापासून करावी. न्यू जर्सीतले एक मराठी घर घ्या. थोरली पुण्यात जन्मलेली, वडिलांच्या एच-१बीमुळे एच-४ व्हिसावर. धाकटा तिथेच जन्मला, म्हणून नागरिक. शाळा एकच, गुणही सारखे. धाकट्याला सरकारी अर्थसाहाय्याचा हक्क आहे. थोरली बालवाडीपासून तिथे शिकलेली असली, तरी हा हक्क तिला नाही आणि बऱ्याच खासगी महाविद्यालयांच्या लेखी ती परदेशीच.

खरी मेख इथे आहे. परदेशी विद्यार्थी निवडताना बहुतेक महाविद्यालये घरची ऐपतही पाहतात. मदत मागितली की संधी घटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट तसे करत नाहीत. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडनही त्यांत आले. पण हार्वर्डमध्ये शंभर अर्जदारांतून पाचही घेतले जात नाहीत, तेव्हा या उदारतेचा लाभ किती जणांना, हे सांगायला नको!

मग ग्रीन कार्ड का घेत नाहीत? नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशात जन्मलेल्यांचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडवलेला आहे. भारतीयांची रांग त्यामुळे वर्षानुवर्षे हलत नाही. एच-४ मात्र वयाच्या २१व्या वर्षी संपतो. म्हणजे पदवीच्या मधल्याच वर्षी थोरलीला, जिथे वाढली त्याच देशात राहण्यासाठी, विद्यार्थी व्हिसा मागावा लागतो.