बालकाचा बोधात्मक विकास

बालकाचा बोधात्मक विकास म्हणजे जन्मापासून कुमारवयापर्यंत मुलाच्या विचारशक्तीत होत जाणारा क्रमिक बदल होय. जाणणे, आठवणे, तुलना करणे, कार्यकारणभाव ओळखणे व अनुमान काढणे या मानसिक क्रियांचा त्यात समावेश होतो. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच निराळी असते, हे या अभ्यासाचे मूलभूत गृहीत आहे. त्याची पायाभरणी मुख्यत्वे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी केली.

पार्श्वभूमी

पियाजे यांचे मूळ शिक्षण निसर्गविज्ञानाचे होते. १९२० च्या सुमारास पॅरिस येथे बुद्धिमापनाच्या कसोट्यांवर काम करीत असताना, ठरावीक वयाची मुले ठरावीक प्रकारच्याच चुका करतात, असे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा उत्तर बरोबर की चूक यापेक्षा मूल त्या उत्तरापर्यंत कसे पोहोचले, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. मुलांशी मोकळा संवाद आणि स्वतःच्या तीन अपत्यांचे शैशवापासून केलेले निरीक्षण यांतून त्यांचा सिद्धांत आकारास आला.

विकासाची प्रक्रिया

अनुभवांतून मुलाच्या मनात बोधरचना तयार होतात. नवा अनुभव जुन्या रचनेत बसविणे म्हणजे सात्मीकरण, तर न बसल्यास रचनाच बदलणे म्हणजे समायोजन. गाईला ‘हम्मा’ म्हणणारे मूल म्हैस पाहूनही ‘हम्मा’ म्हणते, हे सात्मीकरण. पुढे दोहोंतील भेद ओळखून ते दोन वेगळ्या कल्पना करते, हे समायोजन. या दोहोंतील समतोल ढळणे व पुन्हा साधणे यांतून विकास होतो.

विकासाच्या अवस्था

१. संवेदन-कारक अवस्था (जन्म ते सुमारे २ वर्षे) : बालक पाहणे, पकडणे, चोखणे, फेकणे यांतून जग जाणते. दृष्टीआड झालेली वस्तूही अस्तित्वात असते, ही वस्तुस्थायित्वाची जाणीव या काळात दृढ होते.

२. पूर्वक्रियात्मक अवस्था (सुमारे २ ते ७ वर्षे) : भाषा, चित्र व लुटुपुटुचा खेळ यांतून प्रतीकांचा वापर सुरू होतो. मात्र विचार आत्मकेंद्री असतो. चंद्र आपल्याच मागोमाग चालतो, असे मुलाला वाटते. दोन सारख्या पेल्यांतील समान पाण्यापैकी एकातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले, तर ‘यात जास्त’ असे ते सांगते. त्याचे लक्ष केवळ उंचीवर खिळते, रुंदीकडे जात नाही.

३. मूर्त क्रियात्मक अवस्था (सुमारे ७ ते ११ वर्षे) : पाणी परत ओतल्यास पूर्ववत दिसेल, हे मूल मनातल्या मनात ताडते. वर्गीकरण व क्रमवारी जमू लागते. परंतु विचाराला प्रत्यक्ष वस्तूंचा आधार लागतो.

४. औपचारिक क्रियात्मक अवस्था (सुमारे ११ वर्षांपासून) : ‘असे असते तर’ या धर्तीचा विचार शक्य होतो. लंबकाची गती कशावर अवलंबून असते हे शोधताना कुमारवयीन मुले दोरीची लांबी, वजन व ढकलण्याचा जोर यांपैकी एकच घटक बदलून इतर स्थिर ठेवू शकतात.

मतभेद आणि पुढील संशोधन

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी भाषा व सामाजिक सहवास यांना अधिक महत्त्व दिले. मूल एकट्याने काय करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने काय करू शकते, यांतील अंतराला त्यांनी समीपस्थ विकासाचे क्षेत्र म्हटले. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ मधील ग्रंथात असे दाखविले, की प्रश्न मुलाला अर्थपूर्ण वाटेल अशा रीतीने विचारल्यास ते अपेक्षेहून लवकर योग्य उत्तर देते. रेने बायार्जाँ यांच्या प्रयोगांनी वस्तुस्थायित्वाची काही जाण पहिल्या सहा महिन्यांतही असल्याचे सूचित केले. प्रत्येक प्रौढ सर्व क्षेत्रांत औपचारिक विचार करतोच असे नाही, हे स्वतः पियाजे यांनीही १९७२ मध्ये मान्य केले. त्यामुळे वरील वयोमर्यादा स्थूलमानानेच घ्याव्या लागतात. त्यांवरून एखादे मूल ‘मागे’ असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

शिक्षणातील महत्त्व

‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणणारे मराठी मूल ऐकलेल्या शब्दाची नक्कल करीत नसते. त्याने स्वतः शोधलेला नियम ते लावून पाहत असते. या दृष्टीने चूक ही अज्ञानाची नव्हे, तर चालू असलेल्या विचाराची खूण ठरते. पाठ करवून घेतलेले बरोबर उत्तर त्या विचारात बदल घडवीलच असे नाही. पाणी स्वतः ओतून, मोजून पाहण्याची संधी मात्र त्याला चालना देते. भारताच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये मूल स्वतः ज्ञानाची रचना करते, ही भूमिका स्वीकारण्यात आली. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणात ती ‘ज्ञानरचनावाद’ या नावाने परिचित आहे.