अख्खी कोंबडी ग्रिल करून विकायचीय? आधी इंधन ठरवा!

वांद्र्यात रानवर, चिंबईसारख्या गावठाणात घरामागे अंगण असेल, तर ऑर्डरप्रमाणे अख्खी कोंबडी ग्रिल करून विकता येईल. पण कोळशाच्या शेगडीत पैसे अडकवू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तशा धंद्यांना नवे परवाने देऊ नका, असं बजावलं. पाठोपाठ महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्यांनाही नोटिसा दिल्या. म्हणून झाकणाचा, दोन बर्नरचा गॅस ग्रिल घ्या.

कृती सोपी आहे. एक बर्नर चालू, दुसरा बंद. कोंबडी बंद बर्नरवर ठेवा, झाकण लावा, मध्ये एकदा फिरवा. साधारण तास-सव्वा तास लागतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटरने ७४ अंश सेल्सिअस दाखवले की उतरवा.

आता हिशेब. समजा, साफ केलेली १,२०० ग्रॅमची कोंबडी ३०० रुपयांना आणली आणि भाजून ९०० ग्रॅम उरली. म्हणजे किलोमागे २५० नाही, ३३३ रुपये पडले! मसाला, गॅस, पॅकिंग, तुमची मेहनत वेगळी. पहिल्या पाच कोंबड्या भाजण्याआधी आणि नंतर तोला, मगच दर ठरवा. आणि हो, एफएसएसएआय नोंदणीशिवाय एकही ऑर्डर घेऊ नका.