पहिला नंबर बोर्डात, प्रवेश मात्र सीईटीवर

दहावी-बारावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात अव्वल. पण इंजिनीअरिंगच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरत नाहीत. तिथे ते फक्त उंबरठा ओलांडण्यापुरते: खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४०. पुढची रांग एमएचटी-सीईटी किंवा जेईईच्या पर्सेंटाइलवर लागते.

पीसीएम गटाची सीईटी २०० गुणांची, तीन तासांची. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचे पन्नास, पण प्रत्येकी दोन. म्हणजे निम्मी परीक्षा गणिताचीच! चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडण्यात शहाणपण नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये उलट: बरोबर उत्तराला चार, चुकल्यास वजा एक.

प्रत्येक विषयातले साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे. तरीही दहावीच्या दमणुकीनंतर अकरावी 'आरामाचं वर्ष' मानायची आपली रीत काही सुटत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांनी एक गोष्ट आठवी-नववीतच लक्षात घ्यावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात. गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. सेमी-इंग्रजीवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. बाकीच्यांनी वहीच्या समासात 'अवकलन'शेजारी 'डिफरन्शिएशन', 'सदिश'शेजारी 'व्हेक्टर' असं लिहीत जावं. याला क्लासची फी लागत नाही.

आणि आता रत्नागिरीतच शासकीय अभियांत्रिकी आणि वैद्यकीय, दोन्ही महाविद्यालयं आहेत. मुंबईची गाडी पकडायलाच हवी असं नाही.