चिमुकल्या गावाची उभारणी

मोठ्या वस्तूचे लहान रूप पाहून आनंद न होणारा माणूस विरळा. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलांना हा आनंद चांगला ठाऊक असतो. त्या किल्ल्यावरचा मावळा महादरवाजाहून उंच असला, तरी कोणी हरकत घेत नाही. लघुरेल्वेच्या छंदात मात्र अशी मोकळीक नसते. तेथे आगगाडी, स्थानक, मालधक्का, सिग्नलची केबिन आणि रुळांकाठची घरे ही सारी एकाच प्रमाणात लहान करावी लागतात. १९९८ साली पुण्यात सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे हा छंद महाराष्ट्रातही अनेकांच्या परिचयाचा झाला आहे.

या छंदात ‘एच. ओ.’ नावाचे प्रमाण विशेष रूढ आहे. त्यात प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या ८७ पट लहान असते. १७४ सेंटिमीटर उंचीचा माणूस येथे अवघा २ सेंटिमीटरांचा होतो. २६१ मीटर लांबीच्या फलाटाला मात्र एवढे लहान करूनही ३ मीटर जागा लागते. म्हणून पुष्कळ छांदिष्ट फलाटाची लांबी कमी करतात. परंतु दारे, खिडक्या आणि पायऱ्या यांचे माप ते बदलत नाहीत. कारण दारापुढे माणूस उभा केला, की चूक तत्काळ डोळ्यांत भरते.

अशा इमारतींचे सुटे भाग जुळणीच्या संचांत मिळतात. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ प्रदेशात ग्युटेनबाख नावाचे गाव आहे. तेथे एडविन आणि हेरमान फालर या बंधूंनी १९४६ साली सुरू केलेला उद्योग या संचांसाठी पुढे प्रसिद्ध झाला. प्लॅस्टिकच्या संचात भिंती, छपरे, खिडक्या व पन्हळी बारीक चौकटींना जोडलेल्या असतात. त्या ओढून तोडू नयेत; धारदार सुरीने कापून कडा बारीक कानशीने घासाव्यात. चिकटवण्यापूर्वी सर्व भाग एकदा नुसते जुळवून पाहावेत. भिंतींचा कोपरा काटकोनात बसला नाही, तर पुढे छप्पर कधीच नीट बसत नाही. प्लॅस्टिक जोडण्याचा द्रव दोन्ही कडा किंचित विरघळवून त्या एकजीव करतो. म्हणूनच तो थेंबाथेंबाने लावावा लागतो. अधिक झाला, तर भिंतीवर कोरलेल्या विटाच पुसल्या जातात.

जुळणी पूर्ण झाली, की इमारत उभी राहते खरी. पण ती अजून खेळण्यासारखीच दिसते. प्लॅस्टिकची चकाकी, सर्वत्र सारखा रंग आणि जमिनीशी राहिलेली फट या गोष्टी तिचे खोटेपण उघड करतात. येथून पुढे हातापेक्षा डोळ्यांचे काम अधिक असते. खरी भिंत एका रंगाची कधीच नसते. वळचणीखाली पावसाच्या पाण्याचे ओघळ दिसतात, लोखंडी खिळ्याखाली गंजाची रेघ उतरते आणि वाफेच्या इंजिनाच्या शेडच्या दारावर काजळी धरते. हे सारे दाखवण्यासाठी प्रथम चमक नसलेला रंग दिला जातो. मग अतिशय पातळ केलेला गडद रंग भिंतीवर सोडतात; तो विटांमधल्या दरजांत जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग केवळ उंचवट्यांवर फिरवतात. पायाशी थोडी माती आणि गवत लावले, म्हणजे घर जमिनीवर ठेवल्यासारखे न दिसता जमिनीतून वर आल्यासारखे दिसते. मात्र कोणता डाग कोठे व का पडतो, हे संचाबरोबर येणाऱ्या पत्रकात लिहिलेले नसते. त्यासाठी खऱ्या इमारतीसमोर जाऊन उभे राहावे लागते.

असे उभे राहून पाहणाऱ्या एका माणसाने केवढे कार्य केले, हे इंग्लंडमध्ये पाहावयास मिळते. रॉय इंग्लंड हे तरुण गृहस्थ १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आले. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातील गवताने शाकारलेली जुनी घरे पाहून ते मोहित झाले. परंतु त्यांच्या डोळ्यांदेखतच ती घरे बदलत होती. कोठे जुने छप्पर उतरवले जात होते, तर कोठे जुनी भिंत. ती घरे राखणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या अचूक प्रतिकृती करणे मात्र हाती होते. या घरांचे संच बाजारात कोठून मिळणार? त्यांनी पुठ्ठ्याच्या भिंती केल्या, त्यांवर एकेक वीट कोरून ती रंगवली आणि नळांच्या सांध्यांवर गुंडाळतात त्या वाखाने छपरे शाकारली. १९५४ साली लाँग विटनम या गावी त्यांनी पेंडन संग्रहालय स्थापन केले. त्यांच्या पश्चातही स्वयंसेवकांनी हे काम चालू ठेवले. मूळ रूपाच्या सुमारे ७६ पट लहान असलेल्या त्या खोऱ्यात १९२० ते १९४० या काळातील घरे, बागा आणि त्यांच्याजवळून जाणारी आगगाडी आजही पाहता येते.

राजवाडे आणि देवळे यांची चित्रे व वर्णने पुष्कळांनी करून ठेवलेली असतात. साध्या माणसाच्या घराचे कवाड, त्याची पडवी, त्याच्या छपराचा उतार यांची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. ती घरे पाडली गेली, की त्यांचे रूप आठवणीतूनही नाहीसे होते. आपल्या गावातील जुना वाडा किंवा लहानसे रेल्वेस्थानक यांची मापे घेऊन पुठ्ठ्याची प्रतिकृती करण्यास मोठा खर्च येत नाही. मोजपट्टी, वही आणि धीर एवढे साहित्य आरंभाला पुरते. एखाद्या इमारतीची प्रत्येक खिडकी ज्याने मोजली, त्याला ती इमारत पुढे कधी परकी वाटत नाही.