हेगमधली काळी-पांढरी वर्षं

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की डोळ्यांपुढे पिवळाधमक रंग उभा राहतो. पण 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं, तेव्हा त्याला वेड होतं मासिकांतल्या कृष्णधवल चित्रांचं. हर्कोमर, फिल्ड्स, हॉल यांनी लंडनच्या ‘द ग्राफिक’साठी काढलेली गोरगरिबांची चित्रं त्याला जीव की प्राण. आपणही अशीच चित्रं काढून पोट भरावं, ही त्याची मनापासूनची इच्छा.

बेल्जियमच्या खाणपट्ट्यात बार्ग या चित्रकाराचे चित्रपाठ गिरवून त्याने सुरुवात केली. 1881च्या अखेरीस हेगमध्ये नात्यातल्या अँटन मॉव्हने त्याला जलरंग आणि तैलरंग शिकवायला घेतले. मात्र प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखाटनं कर म्हटल्यावर व्हिन्सेंटने ते नमुने फोडून टाकले आणि दोघांचं बिनसलं. पुढचं शिक्षण त्याचं त्यानेच केलं.

ते कसं केलं, हे पाहण्यासारखं आहे. सुताराची जाड पेन्सिल तो जोर देऊन वापरी. तिची नको असलेली चकाकी घालवायला चित्रावर चक्क दूध-पाणी ओती. काळा रंग गडद आणि मखमली होई. मग त्यावर शिळाछापाचा तेलकट खडू, टाक, शाई, कुंचला. कॉन्टे खडू त्याला निर्जीव वाटे. भाऊ थिओने आणून दिलेला नैसर्गिक काळा खडू त्याने वापरला, तेव्हा त्यात जीव आहे, असं त्याने थिओला कळवलं. यथादर्शन साधावं म्हणून त्याने दोऱ्या ताणलेली लाकडी चौकट बनवून घेतली. तिच्या पायांना लोहाराकडून लोखंडी टोकं बसवली, म्हणजे ती वाळूतही रोवता यावी.

नोव्हेंबर 1882 मध्ये तो शिळाछापाकडे वळला. खास कागदावर तेलकट खडूने काढलेलं चित्र स्मुल्डर्सच्या छापखान्यात दगडावर उतरवलं जाई. तिथल्या कामगारांनी त्याच्या म्हाताऱ्याच्या चित्राची एक प्रत भिंतीवर लावायला मागितली. त्याला मिळालेली याहून मोलाची दाद त्या काळात दुसरी नसावी. कष्टकऱ्यांच्या घरात स्वस्तात जातील अशा तीस छापांची मालिका काढायचं त्याने मनावर घेतलं. ती पुरी झाली नाही. मासिकांचं कामही मिळालं नाही आणि सप्टेंबर 1883 मध्ये त्याने हेग सोडलं.

तरी ही वर्षं वाया गेली असं म्हणणं चूक आहे. 1888 मध्ये आर्लला बोरूने काढलेल्या निसर्गचित्रांत ठिपका, काडी, वळसा यांतून जे शेत डोलतं, त्यामागचा सराव हेगमधलाच. रंग त्याला पॅरिसमध्ये गवसला. रेषा त्याआधीच कमावलेली होती.

हेगमधल्या त्या शिळाछापांपैकी एकात चेहरा हातांत लपवून बसलेला एक म्हातारा आहे. मे 1890 मध्ये सेंट-रेमीच्या रुग्णालयात व्हिन्सेंटने तोच म्हातारा तैलरंगात पुन्हा रंगवला. हे चित्र आज नेदरलँड्समध्ये ओटर्लोच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे.