सुट्टींतील दुपार आणि चित्रांचीं पुस्तकें

उन्हाळ्याच्या सुट्टींत सकाळ व संध्याकाळ यांची काळजी कोणत्याच घरीं नसते. खरा प्रश्न असतो तो दुपारचा. बाहेर ऊन मी म्हणत असतें, वडील माणसांस घटकाभर विसांवा हवा असतो, आणि घरांतील चार-पांच वर्षांचें मूल "आतां मी काय करूं?" असें विचारीत फिरत असतें. बहुधा त्याच्या हातीं मोबाईल देऊन त्यास गप्प केलें जातें. त्याऐवजीं एखादें सचित्र पुस्तक घेऊन कोणीं तरी अर्धा तास त्याच्याजवळ बसावें, असें आम्ही सुचवितों. यावर पुष्कळ घरांतून उत्तर येतें कीं, "आम्हांला वाचतां कोठें येतें?" या उत्तराच्या मुळाशीं जो गैरसमज आहे, त्याविषयींच आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

चित्र म्हणजे मजकुराचा अलंकार, खरें पुस्तक तें अक्षरांचें, असें आपण धरून चालतों. परंतु ज्यांनीं मुलांसाठीं अशीं पुस्तकें प्रथम रचिलीं, त्यांची समजूत तशी नव्हती. कोमेनियस या शिक्षणशास्त्रज्ञाचें 'ऑर्बिस पिक्टस' हें पुस्तक १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें निघालें. त्यांत सुमारें दीडशें चित्रें असून, चित्रांतील वस्तूंस घातलेले आंकडेच मजकुरांतील शब्दांस लाविलेले होते. म्हणजे मुलानें आधीं वस्तु पाहावी व मग तिचें नांव शिकावें, हा क्रम. वर्णमालासुद्धां प्राण्यांच्या आवाजांवरून शिकविलेली. 'आ' हा स्वर तेथें कावळ्याच्या ओरडण्यावरून येतो!

पुढील काळांतील चित्रकार तर याच्याहि पलीकडे गेले. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचें 'रोझीज वॉक' हें १९६८ सालचें पुस्तक पाहावें. साऱ्या पुस्तकांत अवघे ३२ शब्द आहेत. एक कोंबडी फिरावयास निघते, आवार ओलांडते, तळ्याला वळसा घालते आणि जेवणाच्या वेळीं घरीं येते; शब्दांत एवढेंच. चित्रांत मात्र पहिल्यापासून तिच्या मागें एक कोल्हा लागलेला आहे. तो झेंप घेतो आणि दंताळ्यावर पडतो, पुन्हां झेंप घेतो तो तळ्यांत पडतो, मग गवताच्या गंजींत, मग पिठाखालीं; अखेर मधमाशा त्याच्या पाठीस लागतात. या कोल्ह्याविषयीं मजकुरांत एक अक्षरहि नाहीं! जो केवळ अक्षरें वाचील त्याला ती गोष्ट मुळीं कळणारच नाहीं. ज्याला अक्षरओळख नाहीं असें मूल तो कोल्हा चटकन् दाखवील. अशा पुस्तकापुढें न शिकलेली आजी व पदवीधर काका यांची योग्यता सारखीच. किंबहुना आजीला घाई नसते, म्हणून तिलाच अधिक दिसण्याचा संभव आहे.

आतां हें पाहणें कसें व्हावें? अमेरिकेंत व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या कांहीं आईबापांस त्यांनीं सांगितलें कीं, नुसतें वाचून दाखवूं नका. मुलास प्रश्न विचारा, त्याचें उत्तर ऐका व त्यांत थोडी भर घाला. दुसऱ्या गटांतील आईबाप नेहमींप्रमाणें वाचीत राहिले. सुमारें महिनाभरांत पहिल्या गटांतील मुलें बोलण्यांत स्पष्टपणें पुढें गेलेलीं आढळलीं. प्रश्न मात्र 'हें काय?' एवढाच असूं नये. त्याचें उत्तर एका शब्दांत संपतें. 'हा कां पळतो आहे?', 'आतां काय होईल?' असें विचारावें. मूल म्हणालें "कुत्रा भिजला", तर आपण म्हणावें, "हो, छत्री नव्हती म्हणून भिजला." पान मुलासच उलटूं द्यावें. तेंच पुस्तक तें दहा वेळां मागेल. आपणांस कंटाळा येईल, पण त्याला प्रत्येक वेळीं कोपऱ्यांतलें कांहीं तरी नवें सांपडत असतें.

चित्राखालीं 'आंबा', 'घर' एवढेंच छापलेलीं पुस्तकें वाईट नव्हेत. पण तीं लौकर संपतात. मराठींत माधुरी पुरंदरे ह्या स्वतःच लिहितात व स्वतःच चित्रें काढतात, त्यामुळें त्यांच्या पुस्तकांत घरांतलीं माणसें खरोखर घरांतल्यासारखीं बसलेलीं दिसतात; त्यांस २०१४ सालीं साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. विकत घेणें न परवडल्यास, प्रथम बुक्स या संस्थेनें २०१५ पासून चालविलेल्या 'स्टोरीवीवर'वर मराठी सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात. शेजारच्या तीन घरांनीं एकेक पुस्तक घेऊन आठवड्यानें बदलावें, हाहि मार्ग आहे. आणि आमच्या विद्यार्थ्यांनों, धाकट्या भावंडाजवळ बसण्याचें हें काम आईनें सांगण्याची वाट पाहूं नका.

पुस्तक फाटेल म्हणून तें कपाटांत ठेवण्याची चाल मात्र आम्हांस पसंत नाहीं. लहान हातांनीं तें फाटणारच. फाटलेलें पान खळीनें चिकटवावें, आणि तें चिकटवितांना मुलास जवळ घेऊन बसावें. पुष्कळदां त्याच वेळीं तें त्या पानावरची सगळी गोष्ट आपण होऊन सांगूं लागतें.